पॉइंटवर कुठल्या अंगाने चढायचं? एक फेरी, दोन दिशा

सायकलची फेरी आखताना अंतर ठरतं, एकूण चढाई ठरते, पाण्याच्या बाटल्या किती घ्यायच्या तेही ठरतं. फेरी सुलटी मारायची की उलटी, हे मात्र आदल्या रात्री नकाशावर बोट फिरवताना कसंतरी ठरतं. माझंही तसंच झालं होतं. मी ज्या पॉइंटवर नेहमी जातो, तिथे एका अंगाने उभा चढ आहे, ५ किलोमीटरमध्ये ५०० मीटर, म्हणजे सरासरी १० टक्के. दुसऱ्या अंगाने तीच उंची साडेबारा किलोमीटरमध्ये, ४ टक्क्यांनी हळूहळू हाताला लागते. दोन्ही बाजूंनी चढून झालंय, दोन्ही बाजूंनी उतरूनही.

पहिल्यांदा अर्थातच लांबच्या बाजूने चढलो. चढ मस्त झाला, खोटं कशाला बोलू! ४ टक्क्यांवर श्वास ताब्यात राहतो, एकदा लय लागली की सीटवरून उठावंही लागत नाही. मागच्या कॅसेटला, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाला, सगळ्यात मोठं चक्र २८ दातांचं असेल, तर याच बाजूने जा, असं मी आजही सांगेन. १० टक्क्यांवर माझा वेग ताशी ८-९ किलोमीटरवर येतो. पुढच्या चक्राला ३४ दाते आणि मागच्यालाही ३४ असतील तर पाय मिनिटाला ७०च्या आसपास फिरतात. मागे २८ असेल तर ५५-६०च्या वर जात नाहीत आणि गुडघे बोलायला लागतात.

पण लांबचा चढ म्हणजे कमी मेहनत, असं समजून जाऊ नका. वजन तेच, उंची तीच, ते ओझं वर न्यायचं काम दोन्हीकडे सारखंच. उलट लांबच्या रस्त्यावर हवा आणि टायर आपला हिस्सा जास्त घेतात. मला उभ्या बाजूने ३५-४० मिनिटं लागतात, लांबच्या बाजूने पाऊण तास किंवा थोडं जास्तच.

उभ्या बाजूचा सरासरी आकडा मात्र फसवा. मध्ये एखादा सपाट तुकडा आला की त्याची भरपाई पुढचा रस्ता करतो. १०च्या सरासरीत १५चे तुकडे सहज लपतात. नकाशावरचा उंचीचा आलेख हे टोचरे भाग गुळगुळीत करून दाखवतो, म्हणून एकेका किलोमीटरचा चढ वेगळा काढून बघावा. हेअरपिन वळणाच्या आतल्या कडेला रस्ता आणखी उभा असतो, हे कुठल्याच आलेखात दिसत नाही.

आता उताराकडे येतो, कारण माझा निकाल तिथे लागला. पॉइंटवर फोटो झाले, पाणी झालं आणि उभ्या बाजूने उतरायला लागलो. १० टक्क्यांवर ब्रेक सोडले तर सायकल बघता बघता ताशी ६०ला भिडते, आणि पुढे वळण असतं. म्हणजे ब्रेक सुटतच नाहीत. तिसऱ्या किलोमीटरला अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागली. थांबलो, तर लिव्हरवरची दोन बोटं आकड्यासारखी वाकलेली. दुसऱ्या हाताने एकेक सरळ केली. ब्रेक पॅडचा करपट वास येत होता. रिमला बोट लावून बघायची दुर्बुद्धी झाली आणि चांगलाच चटका बसला. ५ किलोमीटर उतरायला तीनदा थांबलो. पाऊण तास घाम गाळून कमावलेली उंची सगळी ब्रेकमध्ये जाळली. आणि जिच्यासाठी एवढा खटाटोप, त्या दरीकडे एकदाही मान वळवली नाही. डोळे रस्त्यावरच्या बारीक खडीवर.

हात हँडलच्या खालच्या वाकात ठेवायचे, ब्रेक सतत घासत न ठेवता वळणाआधी जोरात दाबून सोडायचे, हे सगळं नंतर शिकलो. त्याने फरक पडतो. डिस्क ब्रेकच्या सायकलवरूनही तोच उतार उतरून पाहिला. बोटं वाचली, मान आणि खांदे नाही वाचले. कदाचित माझेच हात नाजूक असतील. पण रस्ता ओला असेल, तर उभ्या बाजूने उतरण्यावर चर्चा करायचीही माझी तयारी नाही.

मग दिशा उलटी केली. उभ्या चढावर हाल होतात, पण ते ताशी ८ किलोमीटरच्या वेगाने होतात. नाहीच जमलं तर पाय टेकायचा, श्वास घ्यायचा, पुढे निघायचं. पायथ्याच्या आधी ८-१० किलोमीटर सपाट रस्ता हवा एवढंच, थंड पायांनी १० टक्के अंगावर घेऊ नयेत. उतरताना ४ टक्क्यांवर सायकल ताशी ४०च्या आसपास स्वतःच स्थिरावते, ब्रेकला नुसता स्पर्श पुरतो. अधूनमधून पेडल मारत राहिलं तर घामेजलेले गुडघे गारठत नाहीत. लांबची बाजू बहुधा मुख्य रस्त्याची, म्हणजे गाड्याही तिकडेच जास्त. चढताना त्या सुसाट घासून जातात, उतरताना आपला वेग त्यांच्या बऱ्यापैकी जवळ असतो. ज्याला गर्दीत वेगाने उतरायची भीती वाटते, त्याला हे पटणार नाही, आणि त्याचंही चूक म्हणता येणार नाही.

आमच्यातला एकजण अजूनही लांबच्याच बाजूने चढतो. गुडघ्याचं जुनं दुखणं आहे. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. एकाच वेळी निघालो तर वर मी आधी पोचतो, पण पोचल्यावर बराच वेळ कठड्याला टेकून गप्प असतो. तो येतो तोच गप्पा मारत. निघायची वेळ झाली की मी जॅकेटची चेन ओढतो, आणि तो हाताची बोटं चोळायला लागतो.