पोर्ट्रीहून आयलन डोनन: क्रूझच्या एका दिवसाची सहल

स्कॉटलंडमधील स्काय बेटावरच्या पोर्ट्री येथे मोठी जहाजे समुद्रातच नांगरतात आणि प्रवाशांना लहान बोटींनी धक्क्यावर आणले जाते, त्यामुळे सहलीचा बराच वेळ रांगेतच जातो. पुढचा बसप्रवास मात्र या सहलीचा सर्वांत सरस भाग ठरला. स्लिगाहन येथे कुलिन पर्वताची काळी, दातेरी शिखरे ढगांतून अचानक उघडी पडतात, आणि तेथे बस थांबवण्याचा वाटाड्याचा निर्णय अगदी योग्य होता. 1995 साली खुल्या झालेल्या पुलावरून मुख्य भूमीवर आल्यावर तीन सागरी खाड्यांच्या संगमावरील आयलन डोनन किल्ला दिसतो.

तेराव्या शतकात उभारलेला हा किल्ला 1719 मध्ये ब्रिटिश नौदलाने उद्ध्वस्त केला आणि आजची वास्तू 1912 ते 1932 या काळात पुन्हा बांधली गेली, ही बाब सहलीच्या माहितीपत्रकात कोठेही नव्हती. अस्सल मध्ययुगीन दालनांच्या अपेक्षेने जाणाऱ्यांची त्यामुळे थोडी निराशा होईल. तरीही दगडी पुलावरून दिसणारे किंटेलचे डोंगर पाहता आकारलेले शुल्क मला वाजवी वाटले. किल्ल्याच्या आत फिरायला दिलेला वेळ तेवढा अपुरा होता.