फोटो एडिटिंगसाठी घेतलेला पीसी आणि बॅकअप: नऊ महिने वापरल्यावर

पीसी घेऊन नऊ महिने झाले. घेतला तेव्हाच लिहिणार होतो, पण पहिल्या आठवड्यात कुठलीही नवी मशीन भारीच वाटते, म्हणून म्हटलं जरा थांबू. आता साठ-सत्तर हजार फ्रेम त्यावरून येऊन गेल्यात, मधे एकदा चांगलाच दणकाही बसलाय, तेव्हा आता बोलायला हरकत नाही.

आधी माझं काम काय ते सांगतो, कारण ते माहीत नसेल तर कोणाचाही रिव्ह्यू वाचून उपयोग नाही. मी हौशी, बहुतेक पक्ष्यांचे फोटो, मधूनमधून ओळखीत कोणाचा घरगुती कार्यक्रम. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, एक रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता दिलेली मूळ फाइल) साधारण २८ एमबी. पक्ष्यांचं म्हणजे बर्स्टचं काम, खंड्या पाण्यात सूर मारतो त्या एका सेकंदात पंधरा-वीस फ्रेम जातात आणि त्यातली एक बरी निघाली तर निघाली. एका सकाळी चार हजार फ्रेम सहज होतात, म्हणजे ११० जीबीच्या आसपास. आधीचा लॅपटॉप आठ वर्षं जुना, ८ जीबी रॅम, आत फिरणारी हार्ड डिस्क. पुढचा फोटो बघायला बाण दाबला की आधी धुरकट चित्र आणि तीन सेकंदांनी स्पष्ट. चार हजारला तीन सेकंद लावून बघा, नुसतं वाट बघण्यात तीन तासांवर जातात. शेवटी शेवटी मी फोटो काढायला जायचंच टाळायला लागलो होतो, घरी आल्यावरचं काम आठवून.

तर नवीन घ्यायचं ठरलं आणि मग मी तीन महिने प्रोसेसरवर घालवले. खरंच तीन महिने. तक्ते, व्हिडिओ, ह्याचे कोअर किती त्याचा क्लॉक किती, हा त्याच्यापेक्षा ८ टक्के फास्ट. बॅकअपचा विचार केला अर्धा तास. हे प्रमाण उलटं हवं होतं हे नंतर कळलं, सांगतो पुढे.

लॅपटॉप की डेस्कटॉप ह्यात मी डेस्कटॉप घेतला. बाहेर बसून एडिट करायची वेळ माझ्यावर वर्षातून दोनदा येते, आणि आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डकवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. ज्यांना रोज फिरायचंय त्यांनी लॅपटॉपच घ्यावा, पण मग रॅम पहिल्या दिवशीच जास्त घ्या, मन मारू नका. बाहेर गेलो तर जुना लॅपटॉप स्मार्ट प्रीव्ह्यूवर (मूळ फोटोंच्या लहान प्रतींवर) चालवतो, त्या फाइल लांब बाजूला २५४० पिक्सेलच्या असतात, मरतुकडी मशीनही त्या ओढते.

आता काय घेतलं आणि त्यातलं काय कामाला आलं. प्रोसेसर ८ कोअरचा, मधल्या वर्गातला. ज्याच्यासाठी तीन महिने डोकं फोडलं तो कुठला हे आता मला आठवायला लागतं, एवढंच सांगतो. रॅम ३२ जीबी घेतली, दोन स्लॉट मोकळे ठेवून. नुसतं लाइटरूम (फोटो लावून ठेवायचं आणि सुधारायचं सॉफ्टवेअर) चालू असेल तर ३२ पुरते, पण त्यातून फोटोशॉपमध्ये पॅनोरमा उघडला, बाजूला ब्राउझर, मग मात्र ३० च्या वर काटा गेलेला बघितलाय. चौथ्या महिन्यात ६४ केली. वेग वाढला असं म्हणणार नाही, अडकायचं ते थांबलं.

ग्राफिक्स कार्डाबद्दल माझा अंदाज साफ चुकला. मला वाटायचं ते गेमवाल्यांचं काम, फोटोला कशाला. पण एआय डीनॉइज (फोटोतले दाणे काढणं) जवळजवळ सगळं ग्राफिक्स कार्डावरच चालतं, आणि पहाटेच्या अंधारात आयएसओ ६४०० वर (सेन्सरची संवेदनशीलता फार वाढवून, म्हणून दाणेदार) काढलेल्या फोटोंना मी ते हमखास लावतो. जुन्या लॅपटॉपवर एका फोटोला आठेक मिनिटं लागायची, ६० फोटो लावून झोपायचं आणि सकाळी बघायचं संपलं का. आता एकाला बारा-पंधरा सेकंद, म्हणजे तेच ६० फोटो पंधरा मिनिटांत. माझ्यासारखं हाय आयएसओचं काम असेल तर प्रोसेसरातले पैसे कमी करून कार्डात घाला. स्टुडिओत लाइट लावून काढत असाल तर साधं कार्डही चालेल.

स्टोरेजमध्ये १ टीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी, आत काही न फिरणारी डिस्क) सिस्टिम आणि लाइटरूमच्या कॅटलॉगसाठी (एडिटची नोंदवही), दुसरी २ टीबी एनव्हीएमई चालू वर्षाच्या फोटोंसाठी, आणि जुनं सगळं ८ टीबीच्या साध्या हार्ड डिस्कवर. (ती विंडोजमध्ये ७.२७ दिसते, घाबरू नका, कंपनी टीबी हजाराच्या हिशोबात मोजते आणि विंडोज १०२४ च्या.) ह्यातली गंमत अशी की जेन ३ आणि जेन ४ (आधीची आणि नंतरची पिढी) एनव्हीएमई, म्हणजे सेकंदाला ३५०० एमबी आणि ७००० एमबी, फोटो बघताना मला काडीचाही फरक जाणवला नाही. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर येणं हीच खरी उडी, त्यापुढचं सगळं कागदावर.

आणि कार्ड रीडर! ह्याबद्दल कोणी बोलतच नाही. माझं कार्ड यूएचएस-२ (वेगवान प्रकारचं), रीडर जुना यूएचएस-१ चा, त्याची मर्यादाच सेकंदाला १०४ एमबी, म्हणजे ११० जीबी उतरवायला वीस मिनिटं. रीडर बदलला आणि तेच आठ मिनिटांत. सगळ्या सेटअपमध्ये सगळ्यात स्वस्त वस्तू आणि रोज जाणवणारा फरक.

केबलचा एक किस्सा सांगतोच. बाहेरची एसएसडी घेतली, डब्यावर सेकंदाला १००० एमबी लिहिलेलं, लावली आणि स्पीड ३८. सदतीस, अडतीस, सदतीस. मला वाटलं डिस्क बनावट आहे, परत करायची म्हणून डबा शोधायला घेतला तर डब्याच्या तळाशी तिची स्वतःची आखूड केबल तशीच गुंडाळलेली. मी लावली होती फोनच्या चार्जरची टाइप-सी केबल. दोन्ही टोकं हुबेहूब सारखी, पण ती चार्जिंगची केबल डेटाला यूएसबी २ च, म्हणजे जुन्या, हळू वेगाची. तेव्हापासून चांगल्या केबलला लाल चिकटपट्टी लावून ठेवलीय.

मॉनिटर २७ इंची ४के घेतला, आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग फारसे न बदलणारा पडदा), एसआरजीबी (रंगांचा नेहमीचा ठरलेला पल्ला) पूर्ण दाखवणारा. पहिल्या महिन्यात प्रिंट काढून आणल्या तर सगळ्या काळपट. लॅबवाल्याला मनातल्या मनात बरंच बोललो. नंतर कॅलिब्रेटर (पडद्याचे रंग आणि उजेड मोजणारं यंत्र) लावून मोजलं तर मॉनिटरचा ब्राइटनेस ३०० निट्सच्या (उजेडाचं माप) वर, आणि प्रिंटसाठी काम करायचं तर १०० च्या आसपास पाहिजे. म्हणजे मी उजळ पडद्यावर बघून फोटो काळे करत होतो आणि दोष लॅबला. आता ११० वर ठेवलाय. पहिले दोन दिवस अंधारात बसल्यासारखं वाटतं, मग डोळे बसतात.

आता बॅकअप, ज्याच्यासाठी खरं तर हे लिहायला घेतलं.

३-२-१ चा नियम माहीत होता, पीटर क्रोग ह्या फोटोग्राफरमुळे तो फोटोवाल्यांमध्ये रुळला: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. मी अर्ध्या तासात केलेली सोय अशी: आतली ८ टीबी, तिची हुबेहूब प्रत बाहेरच्या ८ टीबीवर रोज रात्री एक वाजता आपोआप मिरर, आणि तिसरी ८ टीबी बहिणीच्या घरी कपाटात, महिन्यातून एकदा आणून ताजी करायची. कागदावर झकास.

पाचव्या महिन्यात एका रविवारी साफसफाईची हुक्की आली. एकाच नावाचे दोन फोल्डर दिसले, एकाला पुढे 'जुने' लावलेलं. वाटलं ही डबल प्रत आहे, शिफ्ट-डिलीट (रिसायकल बिनमध्येही न जाता थेट उडवणं). रात्री एक वाजता मिरर चालला, त्याने बघितलं की आतल्या डिस्कवर हा फोल्डर नाही, मग बाहेरच्या डिस्कवरूनही त्याने तो इमानदारीत उडवला. त्याला जे सांगितलं होतं तेच त्याने केलं. मिररचा अर्थच तो.

मला कळलं नऊ दिवसांनी. घुबडाच्या पिल्लांचा एक फोटो कोणीतरी मागितला, लाइटरूममध्ये शोधला, लगेच सापडला, लहान चित्र व्यवस्थित दिसतंय, तीन पिल्लं ढोलीतून डोकावतायत, मधल्याचा एक डोळा मिटलेला. एक्स्पोर्ट दाबलं तर फाइल सापडत नाही. मग बघितलं, चित्राच्या कोपऱ्यात बारीकसं उद्गारचिन्ह. बाजूच्यावरही. खाली सरकत गेलो, सगळ्यांवर. दिसत होते ते नुसते प्रीव्ह्यू, खालच्या मूळ फाइल गायब. २१४० फोटो. हातपाय गार पडणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

वाचलो तो बहिणीच्या कपाटामुळे. आणि त्यातही शहाणपण माझं नाही, आळस माझा. महिन्याला आणायची डिस्क मी दहा आठवडे आणलीच नव्हती, त्या नऊ दिवसांत शिस्तीने आणून मिरर केली असती तर तिथूनही फोल्डर गेला असता. त्या संध्याकाळी जाऊन डिस्क आणली, आणि ती लावायच्या आधी रात्रीचा आपोआप मिररचा जॉब बंद केला आहे ना हे चार वेळा बघितलं. सगळे फोटो मिळाले, पण दोन फाइल उघडल्या तर खालचा अर्धा भाग राखाडी. कधी बिघडल्या होत्या देव जाणे, प्रतीची कोणी पडताळणीच केली नव्हती.

त्यानंतर जे बदललं ते चार महिने चाललंय. मिरर बंद करून व्हर्जनिंग चालू केलं, म्हणजे मूळ जागेवरून काही उडालं तर बॅकअपवर ते तारखेच्या फोल्डरमध्ये सरकतं आणि ९० दिवस तिथे पडून राहतं. एका वेळी शंभरपेक्षा जास्त फाइल उडणार असतील तर सॉफ्टवेअर थांबून विचारतं. जॉब मी स्वतः चालवतो आणि झाला की डिस्क काढून ठेवतो, कारण रॅन्समवेअर (फाइल कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस) आलं तर ते लावलेल्या डिस्कही सोडत नाही. कॉपी झाल्यावर चेकसम पडताळणी (मूळ आणि प्रत तंतोतंत जुळतात का ते तपासणं), ह्याने वेळ जवळपास दुप्पट लागतो, लागू दे.

दुसरी चूक कॅटलॉगची होती आणि ती फुकटात लक्षात आली. लाइटरूम क्लासिक बंद करताना बॅकअप घेऊ का विचारतं ना, मी वर्षानुवर्षं हो म्हणत आलो आणि निश्चिंत. तो बॅकअप फक्त कॅटलॉगचा, म्हणजे केलेल्या एडिटचा, फोटोंचा नाही. आणि मुळात तो जातो कॅटलॉगच्या शेजारच्याच फोल्डरमध्ये, त्याच डिस्कवर. डिस्क गेली की दोन्ही गेले. आता त्याची जागा बदलून दुसऱ्या डिस्कवर केलीय आणि शिवाय एक्सएमपी फाइल (एडिटची नोंद ठेवणाऱ्या छोट्या फाइल) लिहायला लावल्यात, म्हणजे कॅटलॉग गेला तरी बहुतेक एडिट फोटोशेजारी राहतील.

क्लाउडही घेतला. ३.५ टीबी चढवायला ४० एमबीपीएस अपलोडवर सलग आठ दिवस लागतात, मी फक्त रात्री चालवलं म्हणून तीन आठवडे गेले. एकदा चढलं की रोजचं काही वाटत नाही. पण घेताना हे नीट बघा की ती सेवा सिंक आहे की बॅकअप. सिंक म्हणजे परत तोच मिरर, इथे उडवलं की तिथेही उडणार, डिलीट झालेलं किती दिवस ठेवतात ते वाचून घ्या. रेडबद्दल (अनेक डिस्क एकत्र जोडून चालवणं) पण लोक तसंच समजतात, दोन डिस्क रेडमध्ये घातल्या की बॅकअप झाला. एक डिस्क मेली तर रेड वाचवेल, माझ्यासारख्याच्या बोटांपासून नाही वाचवणार.

डिस्क घेताना एसएमआर आहे की सीएमआर (हार्ड डिस्कवर डेटा लिहायच्या दोन पद्धती, पहिलीत मोठं लिखाण हळू होतं) तेही बघा. माझ्या बाहेरच्या दोनपैकी एक एसएमआर निघाली, पहिले काही जीबी सेकंदाला १७० एमबीने जातात आणि मग २५-३० वर येऊन रांगते. रोजच्या थोड्या फाइलसाठी चालते, पूर्ण प्रत काढायची तर दीड दिवस. म्हणून ती आता बहिणीकडे राहते. आणि कपाटात वर्षभर पडणाऱ्या बॅकअपसाठी मी एसएसडी वापरत नाही, वीज न मिळता फार काळ पडून राहिली तर डेटा टिकायची खात्री कमी होते.

तक्रारी म्हणाल तर डीनॉइज चालू असताना कार्डाचे पंखे घरभर ऐकू येतात, आणि पुढच्या बाजूला एकच टाइप-सी पोर्ट आहे, तिथे रीडर लावला की डिस्क मागे लावायला टेबलाखाली घुसावं लागतं. पुन्हा घेतला तर केस बघून घेईन. यूपीएस पण पहिल्या दिवशीच घ्यायला हवा होता, मी तिसऱ्या महिन्यात घेतला, कॉपी चालू असताना लाइट गेल्यावर.

दर तीन महिन्यांनी आता एक करतो, बॅकअपवरून कुठलेही वीस फोटो काढून मोठे करून बघतो, खालपर्यंत. आत्तापर्यंत दोनदा केलं, दोन्ही वेळा ठीक निघाले. फोनमधल्या फोटोंचं मात्र अजून काहीच ठरलेलं नाही, चौदा हजार आहेत आणि त्यातले अर्धे गुड मॉर्निंगचे.