प्रॉक्सी हाताने भरायचा की पॅक फाइलने?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसातून विचारणा आली: नेट सारखं अडतंय, प्रॉक्सी (ऑफिसचं नेट ज्यातून जातं तो मधला सर्व्हर) प्रत्येक पीसीवर हाताने भरू की पॅक फाइल (कुठला प्रॉक्सी वापरायचा ते ब्राउझरला सांगणारी छोटी फाइल, PAC) लावू?

खर्च दोन्हींत जवळपास शून्य. फरक पडतो बिघाड शोधताना. हाताने भरलेला पत्ता समोर दिसतो. प्रॉक्सीचं सॉफ्टवेअर स्क्विड असेल तर पोर्ट (पत्त्यापुढचा नंबर) बहुधा ३१२८. स्क्रीनवर ४०७ हा एरर आला म्हणजे प्रॉक्सीपर्यंत पोचलात, अडलंय ते लॉगिन. पण सर्व्हर बदलला की टेबलाटेबलावर फिरा. लॅपटॉप घरी नेला की तिथेही नेट बंद, आणि साहेबांचा फोन रात्री.

पॅक फाइल एकाच जागी बदलते. शेवटी 'डायरेक्ट' लिहिलं तर प्रॉक्सी पडल्यावर ब्राउझर थेट जाऊन बघतो, अर्थात फायरवॉलने सोडलं तर. मात्र ब्राउझर फाइलची जुनी प्रत धरून बसतो. बदलानंतर तो पूर्ण बंद करून उघडा.

ब्राउझर चालतो पण विंडोजची एखादी सेवा नेटवर जात नाही? कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेटएसएच विनएचटीटीपी शो प्रॉक्सी' (netsh winhttp show proxy) ही कमांड देऊन बघा, अशा सेवांची प्रॉक्सी सेटिंग ब्राउझरपेक्षा वेगळी असते. इथे दोन्ही पर्याय सारखेच अपुरे.

चार-पाच पीसी, जागचे न हलणारे: हातानेच भरा. लॅपटॉप फिरते असतील तर पॅकच.