ग्रीनलँडचं जुनं तापमान: समस्थानिकं की बोअरमधला थर्मामीटर?

हिमयुगात ग्रीनलँड किती गार होतं? समस्थानिकांना, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंना, विचारा. ढग ध्रुवाकडे सरकत थंड होतो, तसं जड ऑक्सिजन-१८ असलेलं पाणी आधी गळून पडतं. थंडी जितकी कडक, तितकं बर्फात ते कमी. डॅनिश शास्त्रज्ञ विली डान्सगार्ड यांनी १९६४ साली दिलेलं प्रमाण: तापमान एका अंशाने उतरलं, की बर्फातला ऑक्सिजन-१८ हजारी सुमारे ०.७ ने घटतो.

दुसरा मार्ग वरवर अगदीच बाळबोध. तीन किलोमीटर खोल बोअरमध्ये थर्मामीटर सोडायचा; हिमयुगातली थंडी खोलवरच्या बर्फात अजून मुरलेली आहे.

१९९०च्या दशकात हिमस्तराच्या माथ्यावरच्या बोअरनी आजच्यापेक्षा २० अंशांहून जास्त थंडी दाखवली. समस्थानिकांचा हिशेब जेमतेम निम्म्यावर! आज ठिकठिकाणच्या बर्फावरून बसवलेलं प्रमाण जुन्या काळाला जसंच्या तसं लावलं, तिथे गडबड झाली. पटणारं कारण असं, की हिमयुगात हिवाळी बर्फ फारच कमी पडे, मग थरांत उन्हाळ्याचीच नोंद जास्त.

सरासरीसाठी मी तरी बोअरवर विश्वास ठेवीन. पण उष्णता पसरते, बारकावे पुसले जातात. काही दशकांत झालेली झपाट्याची तापमानवाढ तिथे शोधूनही सापडत नाही. ती समस्थानिकांतच दिसते, थराथराने.