न उघडलेलं कार्ड, नव्याने चिकटवलेला बबल: जुन्या ॲक्शन फिगर घेणाऱ्यांनी सावध राहावं

केनर कंपनीची १९७८ची 'डेथ स्क्वॉड कमांडर', म्हणजे 'स्टार वॉर्स' चित्रपटातल्या पात्राची हातपाय हलणारी छोटी ॲक्शन फिगर, १२-बॅक कार्डावर (पाठीवर बारा फिगरांची चित्रं असलेल्या पुठ्ठ्यावर), कारखान्यातून निघाल्यापासून न उघडलेली, कस्टम ड्यूटी भरून भारतात आणलेली. पुण्यातल्या एका संग्राहकाला विक्रेत्याने हा माल असा सांगून विकला. फोटो पाठवले ते सगळे समोरून काढलेले. पैसे यूपीआयने आगाऊ घेतले आणि वर एक अट घातली: "पॅकिंग उघडलंत तर माल परत घेणार नाही." पार्सल आलं. कार्ड देखणं, बबल (कार्डावर चिकटवलेलं पारदर्शक प्लास्टिकचं आवरण) स्वच्छ, आत फिगर उभी. पुढे जाणकारांनी भिंगाखाली पाहिलं तेव्हा उलगडा झाला की कार्ड नव्याने छापलेलं आहे आणि बबलही आजचा आहे. उघडून पाहिल्यावर फिगर खरी केनरचीच निघाली, पण सोबतचा ब्लास्टर, म्हणजे खेळण्यातली बंदूक, नकली होता. म्हणजे बाजारात सुटी (लूज) सहज मिळणारी फिगर नव्या पुठ्ठ्यावर चिकटवून कितीतरी पट भावाने गळ्यात मारली होती. विक्रेत्याने पहिल्या तक्रारीनंतर नंबरच बंद केला.

ही फसवणूक चालते ती त्या अटीच्या जोरावर. पॅकिंग फोडलं की किंमत कोसळते हे प्रत्येक संग्राहक जाणतो, म्हणून तो फोडत नाही. फोडत नाही म्हणून आतलं हत्यार, फिगरच्या पाठीवरचे ठसे, बबलची आतली बाजू कधी तपासली जात नाही. नकली माल वर्षानुवर्षं कपाटात 'सीलबंद' म्हणून मिरवतो आणि पुढच्याला विकलाही जातो. तेव्हा उघडावं की नाही हा वाद घालण्याआधी आपल्या हातातलं सील कारखान्याचं आहे की कोणाच्या तरी टेबलावरचं, हे ठरवायला हवं.

निम्म्या थापा पैसे देण्याआधी, नुसत्या माहितीवर पकडता येतात. केनर ही अमेरिकेतल्या सिनसिनाटीची कंपनी. 'स्टार वॉर्स'च्या पावणेचार इंची फिगर तिने १९७८ ते १९८५ या काळात काढल्या. कार्डाच्या पाठीवर जितक्या फिगरांची चित्रं, त्यावरून कार्डाचं नाव पडतं. १२-बॅकवर पहिल्या बारा फिगर. बोबा फेट या पात्राची फिगर आली २१-बॅकवर, त्यामुळे १२-बॅकवरचा बोबा फेट कोणी दाखवला तर पुढे बोलायचंच नाही. डेथ स्क्वॉड कमांडरचं नाव पुढे 'स्टार डिस्ट्रॉयर कमांडर' झालं. केनरच्या 'एम्पायर'च्या (म्हणजे 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' या पुढच्या चित्रपटाच्या) कार्डावर जुनं नाव दिसलं तर ते कार्ड कोणीतरी संगणकावर जुळवलेलं आहे. नाणं सोबत असलेली 'पॉवर ऑफ द फोर्स' मालिका १९८५ची, ९२-बॅक. त्याआधीच्या कार्डावर नाणं नसतं. महाग फिगरचीच नक्कल होते असंही समजू नये. साध्या, कमी चर्चेतल्या फिगरवर कोणी भिंग रोखत नाही, म्हणून नकलाकार मुद्दाम तिच्याकडे वळतो.

आता बबल. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. कारखान्यात बबलची सपाट कड कार्डावर ठेवून उष्णता आणि दाब देतात. कार्डावर आधीच दिलेला थर वितळतो आणि कड सगळीकडून एकसारखी बसते. असा बबल पुढे कधी ओढून काढला तर छापील कागदाचा पापुद्रा त्याच्याबरोबर निघतो. म्हणून कडेच्या पारदर्शक पट्टीखाली पांढरे तंतू, फाटलेली छपाई किंवा रंग उडालेला ठिपका दिसला की शंका घ्यावी. कार्ड तिरक्या उजेडात धरावं, दिवा जवळजवळ कार्डाच्या पातळीत आणून. कारखान्याच्या जोडावर चमक सारखी येते. गोंदाने चिकटवलेल्या जोडावर ओलसर दिसणारे डाग, अडकलेले हवेचे बारीक फुगे आणि कडेबाहेर आलेली गोंदाची रेघ दिसते. तळची बाजू विशेष बघावी, कारण बबल उघडणारा बहुधा तिथूनच पातं घालतो: फिगर खालून सरकवून काढता येते आणि चीर शेल्फवर सहज दिसत नाही. बबलच्या कोपऱ्यांतही बारीक चीर शोधावी. किमतीचं स्टिकर नेमकं बबलच्या कडेवर चढलेलं असेल तर त्याखाली काय झाकलंय, असा थेट प्रश्न विक्रेत्याला विचारावा.

अतिनील टॉर्च, म्हणजे नोटा तपासायचा साधा यूव्ही दिवा, इथे कामाला येतो. बरेच आधुनिक गोंद त्याखाली निळसर उजळतात आणि बबलभोवती फराट्यासारखा माग दिसतो. आजचा पांढरा कागदही त्यातल्या उजळक रसायनामुळे झगझगीत निळा-पांढरा दिसतो. पण एवढ्यावर निकाल देऊ नये. अशी रसायनं जुन्या कागदातही वापरात होती, आणि चतुर नकलाकार तसा न उजळणारा पुठ्ठा शोधतो. यूव्हीत संशय आला तर भिंग काढावं, यूव्हीत काही दिसलं नाही तरीही काढावं.

भिंग ३० पटींचं असावं, घड्याळवाले वापरतात तसं. कार्डाच्या पाठीवरची सगळ्यात बारीक काळी ओळ बघायची, म्हणजे कंपनीचा पत्ता आणि हक्कांची ओळ. मूळ छपाईत काळ्या शाईची प्लेट वेगळी, त्यामुळे अक्षराची कड घट्ट आणि आतला काळा रंग सलग असतो. मूळ कार्ड स्कॅन करून छापलेली नक्कल असेल तर तेच अक्षर निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांनी बनलेलं दिसतं आणि कड विरघळल्यासारखी वाटते. रंगीत चित्रात मूळच्या छपाईची ठिपक्यांची जाळी स्कॅनमध्ये उतरते, त्यावर नव्या छपाईची दुसरी जाळी चढते आणि लाटांसारखे पट्टे तयार होतात. पुण्याच्या त्या कार्डावर पत्त्याच्या ओळीतच ही लबाडी उघडी पडली. समोरची बाजू निर्दोष होती, आणि विक्रेत्याने फोटो फक्त समोरचे का दिले याचं उत्तरही तिथेच मिळालं. पुठ्ठ्याची कड आणि टांगायचं भोकही बघून घ्यावं. साच्याने एका दाबात कापलेली कड किंचित गोलावलेली आणि सगळीकडे सारखी असते. पात्याने कापलेली कड धारदार असते, कोपऱ्यात पातं थोडं पुढे गेल्याची खूण राहते. चाळीसहून जास्त वर्षं जुन्या पुठ्ठ्याचा गाभा सहसा मळकट होतो. तो शुभ्र दिसला तर थांबावं.

बबलमध्ये ठेवलेल्या हत्यारांबद्दल एक जुनी युक्ती सांगतात: पाण्यात टाका, तरंगलं तर खरं, बुडालं तर नकली. मूळ हत्यारांपैकी बरीच तरंगतात हे खरं आहे, पण आता तरंगणाऱ्या नकलाही निघतात आणि पाण्याच्या पृष्ठताणामुळे बुडणारी वस्तूही क्षणभर वर राहते. शिवाय बंद बबलमध्ये ही परीक्षा करताच येत नाही. त्यापेक्षा खऱ्या सुट्या हत्याराशेजारी धरून कडांची धार आणि बारीक रेषा ताडून बघाव्यात. साच्यावरून साचा काढला की रेषा बुजतात आणि वस्तू थोडी आक्रसते. कापडाऐवजी व्हिनाइलची (मऊ प्लास्टिकची) शाल असलेला जावा, 'स्टार वॉर्स'मधलं झगा घातलेलं बुटकं पात्र, ही तर फसवणुकीची जुनी पेठ. कापडी झग्याचा स्वस्त जावा घेऊन त्याच्यावर बेन केनोबीच्या फिगरची व्हिनाइल शाल कापून चढवतात. कापलेल्या कडेवरून आणि रंगावरून ती ओळखू येते, पण त्यासाठी खऱ्याचे चांगले फोटो आधी डोळ्यांखालून गेलेले असावे लागतात.

ॲक्रिलिकच्या पेटीत, वर गुणांचं लेबल लावून विकलेला माल बघून लोक निर्धास्त होतात. ॲक्शन फिगर ऑथॉरिटी, म्हणजे एएफए, अशी प्रतवारी करते. लेबल मात्र छापता येतं आणि पेटीही करून घेता येते. लेबलवरचा क्रमांक कंपनीकडे पाठवून त्या क्रमांकाखाली नेमकी कोणती फिगर नोंदली आहे हे विचारावं, आणि पेटीच्या जोडांवर उचकटल्याच्या खुणा आहेत का ते बघावं. क्रमांक द्यायला नकार देणाऱ्याकडून काही घेऊ नये.

आजच्या डबाबंद फिगरांचं गणित वेगळं आहे. बांदाई या जपानी कंपनीच्या एस.एच. फिगुआर्ट्ससारख्या डब्यांची झाकणं पारदर्शक गोल टेपने बंद असतात. अशी टेप काढून पुन्हा लावता येते, नवी विकत मिळते. तिथे 'सीलबंद' या शब्दाला काही किंमत नाही, आणि टेप नीट काढून आत बघितल्याने फारसं नुकसानही होत नाही. म्हणून अशा डब्यांबाबत आमचं मत स्पष्ट आहे: आल्या दिवशी उघडा. आत फिगरऐवजी जुनीच तुटकी वस्तू निघणं, जादा हात-चेहरे गायब असणं हे प्रकार नेहमीचे आहेत. कोणीतरी नवा डबा घेतो, आतली फिगर काढतो, दुसरी भरतो, दुकानाला परत करतो आणि दुकान न बघता तो पुढे विकतं. हॅस्ब्रो या अमेरिकी कंपनीने प्लास्टिक कमी करायला खिडकी नसलेले बंद डबे आणले तेव्हा ही अदलाबदल आणखी सोपी झाली. २०२३मध्ये कंपनीने खिडकी परत आणत असल्याचं जाहीर केलं. मधल्या काळातला बंद डबा दुसऱ्या हातून घेताना तो न उघडता ठेवणं म्हणजे आंधळा सौदा.

भारतात आणखी एक गल्ली आहे ती फनस्कूल या भारतीय खेळणी कंपनीच्या जी.आय. जो या सैनिकी फिगरांची. फनस्कूल १९८७मध्ये सुरू झाली, गोव्यात तिचा कारखाना आहे, आणि इथल्या रंगसंगतीतल्या फिगर परदेशी संग्राहक आवडीने घेतात. मागणी आहे म्हटल्यावर सुट्या फिगर पुन्हा कार्डावर चढवणं आलंच. वर सांगितलेल्या सगळ्या तपासण्या इथेही लागू पडतात. पण एक गोष्ट लक्षात ठेवावी: मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो, वाकतो आणि खऱ्या बबलचीही एखादी कड सुटते. सुटलेली कड म्हणजे फसवणूकच असं नाही. ओलीने सुटलेल्या कडेखाली गोंद नसतो. पुन्हा चिकटवलेल्या कडेखाली असतो. विक्रेता "पावसाने सुटलं म्हणून मीच जरा चिकटवलं" असं म्हणाला तर तो माल पुन्हा चिकटवलेला धरावा आणि भाव लूज फिगरचा द्यावा.

जी.आय. जोच्या जुन्या पावणेचार इंची फिगरमध्ये कमरेत एक रबरी ओ-रिंग असते, तीच वरचं आणि खालचं धड ओढून धरते. रबर वाळलं की ती बबलच्या आतच तुटते. सीलबंद कार्डात कमरेला फट दिसली किंवा पाय खाली घसरलेले दिसले तर रिंग गेली, हे पक्कं. मऊ पीव्हीसीच्या फिगरमधून प्लास्टिक नरम ठेवणारा पदार्थ हळूहळू बाहेर येतो आणि बंद जागेत तो अंगावर चिकट थर होऊन बसतो. बंद ठेवलं म्हणजे टिकलं ही समजूत यामुळे फोल ठरते. मोलाचं मूळ कार्ड असेल तर ते उन्हापासून दूर, आडव्या दाबाशिवाय, पीव्हीसी नसलेल्या पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावं आणि पावसाळ्यात पुड्या बदलाव्यात. ज्या कार्डाचा संशय आहे ते मात्र 'किंमत जाईल' म्हणून जपण्यात अर्थ नाही.

सौद्याच्या वेळी काय मागायचं ते पक्कं ठरवून ठेवावं. पुढून आणि मागून पूर्ण कार्ड, चारही कोपरे, बबलच्या चारही कडा तिरक्या उजेडात, पत्त्याच्या ओळीचा जवळून फोटो, आणि आजची तारीख हाताने लिहिलेली चिठ्ठी शेजारी ठेवून कार्ड हळूहळू फिरवलेला व्हिडिओ. खरा मालक कुरकुर करेल पण देईल. "दोन जण रांगेत आहेत, आत्ता पैसे टाका" असं उत्तर आलं की सौदा सोडावा. "कस्टम भरलेला माल" म्हणणाऱ्याकडे बिल ऑफ एंट्रीची (आयात मालाच्या कस्टम नोंदीची) प्रत मागावी. खेळण्यांवरची मूळ ड्यूटी २०२०मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३मध्ये ७० टक्के झाली, आणि तेव्हापासून या वाक्याने भाव चढवणं फार सोपं झालं आहे. परदेशातून घेताना पेपॅलवर पैसे 'गुड्स अँड सर्व्हिसेस'मधूनच द्यावेत. 'फ्रेंड्स अँड फॅमिली'ने पाठवलेल्या पैशांना खरेदीदार म्हणून संरक्षण मिळत नाही. यूपीआयने थेट खात्यात गेलेले पैसे विक्रेत्याच्या मर्जीशिवाय परत येणं अवघड.

पार्सल आलं की कुरियरचं लेबल, त्यावरचं वजन, चिकटपट्ट्या, मग कापणं आणि आतली वस्तू, हे सगळं एकाच न थांबवलेल्या व्हिडिओत घ्यावं. बबल मात्र तेव्हा फोडू नये. आधी बाहेरून तपासणी, फोटो, विक्रेत्याला लेखी तक्रार आणि ज्या सेवेतून पैसे दिले तिच्याकडे दावा. तो दावा निकाली निघेपर्यंत वस्तू आली तशीच राहिली पाहिजे. पुण्याच्या प्रकरणात पाठबळ देणारी सेवाच मध्ये नव्हती, म्हणून पुरावा पक्का करायला बबल उघडला गेला. विक्रेता गायब झाला असेल तर वाट बघत बसू नये. सायबर फसवणुकीसाठी १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार गेली तर ते गोठवले जाण्याची शक्यता असते. सोबत व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, गप्पांचे स्क्रीनशॉट आणि खात्याचं नाव तयार ठेवावं. विक्रेता धंदा म्हणून विकणारा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते.

आणि हातात उरलेलं ते कार्ड: तक्रारीचा निकाल लागेपर्यंत पुरावा म्हणून ठेवावं. नंतर त्याच्या पाठीवर, पत्त्याच्या ओळीवरच, न पुसणाऱ्या मार्करने 'नक्कल' असं मोठ्या अक्षरांत लिहावं. फिगर खरी असेल तर ती लूज म्हणून वेगळी ठेवावी आणि नकली ब्लास्टर तिच्यासोबत कोणाला देऊ नये.