जुनं सामान ॲपवर विकताना सात महिने: दारात येऊन भाव पाडणाऱ्यांबद्दल

रविवारी सकाळी साडेदहाला दारात छोटा हत्ती येऊन उभा राहिला. कपाट न्यायला आले होते. ॲपवर बोलणं होऊन आठ दिवस झाले होते आणि 4,500 वर ठरलं होतं. आदल्या रात्री जागून मी ते रिकामं केलं होतं. सासूबाईंची लुगडी, ह्यांच्या फायली, लॉकरमधले घराचे कागद, सगळं पलंगावर. गृहस्थ आत आले, खाली वाकले, कपाटाच्या खालच्या पट्टीवरून बोट फिरवलं, ते तांबडं झालेलं बोट माझ्यासमोर धरलं आणि म्हणाले, "वहिनी, हे पुराचं कपाट हाय. तीन हजार देतो."

जाहिरातीची पहिली ओळच ती होती. 2019 च्या पुरात आमच्या कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या घरात चार बोटं पाणी आलं होतं, खालच्या पट्टीला गंज आहे. पत्रा, आरसा, लॉकर, दोन्ही किल्ल्या व्यवस्थित. गंजाचा जवळून काढलेला फोटोही लावला होता. त्या फोटोखाली ह्याच माणसानं "चालतंय की" असं लिहिलेलं अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. मी तो मेसेज त्यांना दाखवला. ते म्हणाले, फोटोत एवढं कळत नाही. मग म्हणाले, टेम्पोचं भाडं अंगावर पडलंय. मग म्हणाले, बरं, 3,200.

मी दिलं नाही. टेम्पो रिकामा गेला, आणि दुपारभर मी लुगडी परत घड्या घालून कपाटात लावली. तेव्हाच ठरवलं की ह्या ॲपबद्दल सविस्तर लिहायचं.

जानेवारीत आम्ही सासूबाईंना कळंब्याला आमच्या फ्लॅटवर आणायचं ठरवलं आणि पेठेतलं घर मोकळं करायला घेतलं. चार खोल्या, एक माडी आणि पन्नास वर्षांचा संसार. आजपर्यंत अकरा वस्तू ॲपवर टाकल्या, सात विकल्या, हातात 14,850 रुपये आले. मी वही ठेवते, त्यामुळे हा आकडा अंदाजाचा नाही. त्यातून 299 रुपये वजा करायचे, ते मी जाहिरात वर आणण्यासाठी भरले होते. त्या पैशांत मला एकही गिऱ्हाईक मिळालं नाही. फक्त "उपलब्ध आहे का?" विचारणारे वाढले.

ते आयतं बटण सगळ्यांनी बघितलंय. बोट लावलं की मेसेज जातो, त्यामुळे विचारणाऱ्याला घ्यायचंय की नुसतं बघायचंय हे कळायला मार्ग नाही. घरघंटीला नऊ दिवसांत 63 मेसेज आले. त्यातल्या 41 जणांनी माझ्या उत्तरानंतर पुढे अक्षर लिहिलं नाही. चौदा जणांनी फक्त "लास्ट किती?" विचारलं. आठ जणांनी पत्ता घेतला. आले दोघं. ह्या आठ जणांसाठी मी किती संध्याकाळी पेठेतल्या रिकाम्या घरात जाऊन बसले, त्याचा हिशोब वहीत नाही, पण कळंब्याहून जायला-यायला गाडीचं पेट्रोल मी घालते आणि स्वयंपाक तसाच राहतो. "निघालोय", "रंकाळ्यावर आलोय", "पाच मिनिटांत पोचतो" असं सांगून माणूस फोन उचलत नाही. यायचं नसेल तर तसं सांगायला काय हरकत आहे?

पुराबद्दल विचारतात त्याचा मात्र मला राग नाही. कोल्हापुरात ते विचारायलाच हवं. 2019 आणि परत 2021, दोनदा लोकांचे संसार पाण्यात गेले. भिजलेली मोटर वाळवून, वरून रंग मारून विकली तर घेणाऱ्याला काय कळणार? महिना-दोन महिन्यांनी बंद पडते आणि पैसे पाण्यात. म्हणून मी प्रत्येक जाहिरातीत आपणहून लिहिते, कोणती वस्तू माडीवर होती आणि कोणती खाली. घरघंटी माडीवर होती. शेवटी ती उचगावच्या जोडप्यानं नेली. त्यांनी येताना पिशवीतून दोन किलो ज्वारी आणली होती, माझ्यासमोर दळून बघितली, पीठ चिमटीत घेऊन चोळलं, मोटरचा आवाज ऐकला, जाळ्या मोजून घेतल्या. 5,500 सांगितले होते, 5,200 ला दिली. ही घासाघीस मला मान्य आहे. वस्तू बघितली, तपासली, मग भाव बोलले. त्यांनी आधी काही कबूल केलं नव्हतं.

माझं भांडण आहे ते कबूल करून दारात शब्द फिरवणाऱ्यांशी. सात महिन्यांत असे चार जण भेटले. वॉशिंग मशीनचा गिऱ्हाईक 3,000 ठरवून आला आणि नळी जुनी आहे म्हणून 2,500 वर अडून बसला. मशीन तोपर्यंत मी मोरीतून ओढून दारापर्यंत आणलं होतं, नळ बंद केला होता, मदतीला गल्लीतली दोन मुलं बोलावली होती. मी 2,500 ला दिलं. मला ते पाचशे रुपये आजही बोचतात. नवी नळी बाजारात दीड-दोनशेला मिळते, ती मीच आणून दिली असती.

वस्तू एकदा जागची हलवली की विकणाऱ्याचा हात दगडाखाली जातो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. कपाट रिकामं झालेलं असतं, दिवाण सोडवून ठेवलेला असतो, सासूबाई खुर्चीवर बसून सगळं बघत असतात, शेजारच्या काकी दारात उभ्या असतात. अशा वेळी हजार रुपयांसाठी नाही म्हणायला जीव होत नाही. ॲपवर विकणाऱ्याचे तारे दिसतात, प्रतिसादाचा वेळ दिसतो. घेणाऱ्यानं आजवर किती वेळा ठरवून पाठ फिरवली, हे कुठंच दिसत नाही. एवढी एकच सोय करा, अशी मागणी मी दोनदा मदत विभागाकडे लिहून पाठवली. दोन्ही वेळा आभाराचा तोच मजकूर आला.

इथपर्यंत रविवारी रात्री लिहिलं होतं आणि एक तारा देऊन मोकळी होणार होते. सोमवारी वही परत चाळताना एक गोष्ट लक्षात आली, म्हणून पुढचं लिहिते.

प्रत्येक बोलणाऱ्याचा नंबर आणि त्यानं दिलेलं कारण मी लिहून ठेवते. कपाटवाल्याचा नंबर लिहायला गेले तर तोच नंबर मार्चच्या पानावर होता. तेव्हा ॲपवर नाव वेगळं होतं, फोटो वेगळा होता, आणि घरघंटी "मुलीच्या लग्नात द्यायची आहे" म्हणून अर्ध्या किमतीत मागितली होती. ह्या वेळी कपाट "पुतणीच्या लग्नासाठी" होतं. म्हणजे हा जुन्या सामानाचा व्यापारी आहे आणि घरगुती गिऱ्हाईक म्हणून येतो. लग्नाचं नाव काढलं की बाईमाणूस शंभर-दोनशे सोडते, हे त्याला माहीत आहे. मीसुद्धा 5,000 वरून 4,500 ला त्या पुतणीसाठीच आले होते.

जुन्या सामानाच्या व्यापाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. दिवाण ज्यांना दिला ते दुकानदारच होते. पहिल्या फोनला त्यांनी सांगितलं, "ताई, माझं दुकान आहे, मला विकून चार पैसे राहायला पाहिजेत, 1,800 च्या वर परवडत नाही." मला 2,500 हवे होते, पण माणूस सरळ बोलला म्हणून दिला. दुसऱ्या दिवशी सांगितलेल्या वेळेला दोन माणसं घेऊन आले, पाने-स्क्रू ड्रायव्हर स्वतःचे, भिंतीला ओरखडा नाही, रोख पैसे मोजून दिले. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी ॲपवर टाकण्यात अर्थ नाही, हेही त्यांनीच सांगितलं. नवी घेताना दुकानदार जुनी परत घेतो आणि तेवढे पैसे वजा करतो. मी जाहिरात काढून टाकली आणि तसंच केलं. देव्हाऱ्याची जाहिरातही काढून टाकली, पण त्याचं कारण वेगळं. त्याला भाव सांगताना सासूबाईंचा चेहरा बघवला नाही. तो आता कळंब्याला आहे.

पैशांच्या बाबतीत एक प्रसंग सांगायलाच हवा. 700 रुपयांच्या मिक्सरसाठी एकानं अजिबात घासाघीस केली नाही. सैन्यात आहे, टेंबलाईला पोस्टिंग आहे, गाडी पाठवतो, पैसे आधीच टाकतो म्हणाला. गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवलं. मग क्यूआर कोड आला: "स्कॅन करा आणि पिन टाका, रक्कम जमा होईल." यूपीआयमध्ये पैसे यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. मला हे माहीत होतं म्हणून वाचले. पण चीड आली ती वेगळ्या कारणानं. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. फौजींचं गाव म्हणून ओळखलं जाणारं सैनिक टाकळी आमच्याच तालुक्यातलं, आणि माझा चुलत भाऊ सुभेदार होऊन निवृत्त झालाय. आमच्याकडे गणवेश बघितला की माणूस प्रश्न विचारत नाही, आणि ते चोर नेमकं तेच वापरतात. तुमच्या घरातल्या वयस्क माणसांना हे आजच सांगा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी 1930 ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी ॲपवर तक्रार केली, ते खातं बंद व्हायला चार दिवस लागले.

तरीही एकच तारा द्यायचा विचार मी सोडला, तो शिलाई मशीनमुळे. पायाचं मशीन, सासूबाईंनी त्यावर निम्म्या गल्लीची परकर-पोलकी शिवलेली. कागलहून एक मुलगी आईबरोबर एसटीनं आली. वीस-बावीस वर्षांची असेल. तिनं पिशवीतून सुती कापडाची चिंधी आणि स्वतःची दोऱ्याची रीळ काढली. बॉबिन भरून बसवली, चाक हातानं फिरवून सुई खाली घेतली, मग पायडलवर पाय ठेवला. वीतभर टीप मारली, चिंधी उलटी करून उजेडाला धरली. खालचा दोरा सैल येत होता. ती काही बोलली नाही. ताणाचा स्क्रू थोडा आवळला, परत टीप मारली, परत उलटी केली. तिसऱ्या वेळी टीप दोन्हीकडून सारखी आली. सासूबाई आतापर्यंत गप्प बसल्या होत्या, त्या उठून तिच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "पट्टा सैल पडला की मेण लाव गं बाई, घसरायचा नाही." 3,200 सांगितले होते. तिनं 3,000 ला देता का, असं एकदाच विचारलं. सुयांचा डबा आणि जुन्या बॉबिन सासूबाईंनी आपणहून तिच्या पिशवीत घातल्या. महिन्याभरानं तिनं शिवलेल्या ब्लाऊजचा फोटो ॲपवरच पाठवला.

ती मुलगी मला ह्या ॲपशिवाय सापडली नसती. भंगारवाला त्या मशीनचे लोखंडाच्या वजनानं पैसे देत होता. म्हणून तीन तारे.

बुधवारी कपाटवाल्याचा परत फोन आला. 4,500 द्यायला तयार आहे म्हणाला, पण कपाट त्याच्याकडे पोचतं करायचं, टेम्पो माझ्या खर्चानं. मी मार्चमधल्या घरघंटीबद्दल विचारलं. त्यानं फोन ठेवला.

आता पाचशे रुपये आगाऊ जमा झाल्याशिवाय मी पत्ता देत नाही, आणि बाकीचे पैसे हातात पडल्याशिवाय कपाटातली घडी हलवत नाही. त्यामुळे विचारणारे कमी झालेत. कपाट अजून पेठेतच आहे. साडेसहा फुटी, आतून लॉकर, 5,000 रुपये. गंजाचा फोटो आता सगळ्यात पहिला लावलाय.