संगोपन भत्त्याच्या नावाखाली घेतलेले अंगठे

माझ्या धाकट्या मुलाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर परिणाम करणारे अपंगत्व) आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून त्याला मिळणारे अनुदान माझ्या बँक खात्यात जमा होते. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरील आमच्या वाडीत असे अनुदान मिळणारी आणखीही घरे आहेत. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी ही रक्कम दरमहा १,५०० रुपयांवरून २,५०० रुपये झाली. ती खरी बातमी गावोगाव पोहोचली आणि तिच्या पाठोपाठ तो माणूस आमच्या पडवीत आला.

त्याच्या गळ्यात कुठल्याशा संस्थेचे ओळखपत्र होते, हातात अशोकस्तंभ छापलेले अर्ज होते, आणि कोणत्या घरातल्या मुलाचे अपंगत्व किती टक्के आहे हेही त्याला ठाऊक होते. अनुदान वाढल्याचे त्याने बरोबर सांगितले, योजनेसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागते हेही बरोबर सांगितले, आणि या खऱ्या गोष्टींच्या ओघातच एक खोटी गोष्ट बेमालूम मिसळली: मुलाची काळजी घेणाऱ्या पालकाला आता केंद्राकडून दरमहा ५,००० रुपये ‘संगोपन भत्ता’ वेगळा मिळणार आहे, मात्र त्यासाठी ‘फाइल चार्ज’ भरून लगेच केवायसी करावी लागेल. पिवळ्या कार्डाऐवजी निळे कार्ड काढून दिले तर भत्ता आणखी वाढेल, असेही आमिष त्याने दाखवले. वस्तुतः यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, रंग अपंगत्वाच्या टक्केवारीप्रमाणे ठरतो. ४० ते ८० टक्क्यांच्या आत पिवळा, ८० आणि त्यावर निळा. टक्केवारी डॉक्टर तपासून ठरवतात, ती पैसे देऊन वाढत नाही, आणि संजय गांधी योजनेचे अनुदान कार्डाच्या रंगाप्रमाणे बदलतही नाही.

मग त्याने पिशवीतून अंगठ्याचे छोटे काळे मशीन काढून मोबाइलला जोडले. “वहिनी, फक्त अंगठा ठेवा, बाकीचं आम्ही बघतो,” असे म्हणत त्याने माझा अंगठा काचेवर ठेवून घेतला, ‘जुळत नाही’ म्हणून पुन्हा ठेवायला लावला. त्यानंतर मुलाचाही ठसा हवा म्हणाला. माझ्या मुलाची मूठ घट्ट मिटलेली असते; बोटे एकेक करून, कोमट तेल लावून सोडवावी लागतात. त्या माणसाने ती ओढून उघडली आणि मुलगा कळवळून रडला. पैशांपेक्षा मला याचा संताप अधिक आहे, कारण त्या ठशाचे कसलेच काम नव्हते. आमचा विश्वास बसावा म्हणून केलेला तो देखावा होता.

खरे काम माझ्या अंगठ्याने झाले होते. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि अंगठा एवढ्यावर आधार जोडलेल्या खात्यातून पैसे काढता येतात. त्याला ओटीपी लागत नाही की पिन लागत नाही. बँकेचा मेसेज माझ्या यजमानांच्या मोबाइलवर गेला, पण ते खलाशी असल्यामुळे त्या वेळी बोटीवर, रेंजच्या बाहेर होते. पुढे पासबुक भरून घेतल्यावर ‘एईपीएस’ (आधार आणि अंगठ्यावर होणारा बँक व्यवहार) अशा दोन नोंदी दिसल्या, ९,५०० आणि ८,००० रुपयांच्या. फिजिओथेरपीसाठी आणि पायातल्या कॅलिपरसाठी साठवलेले ते पैसे होते.

तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत विचारले, तेव्हा अशा नावाचा कोणताही भत्ता नाही असे स्पष्ट उत्तर मिळाले. या योजनेसाठी दिव्यांगांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांपर्यंत असावे लागते, मुलगा अल्पवयीन असेल तर पालकाने अर्ज करायचा असतो, आणि मंजुरी तहसील पातळीवरच होते. घरी येऊन अंगठा घेणारा कोणीही ती देऊ शकत नाही. यूडीआयडी कार्डालाही शुल्क नाही. पैसे घेऊन टक्केवारी ‘वाढवून’ देणाऱ्यापासून तर दुप्पट सावध राहावे, कारण २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार दिव्यांगांसाठीचा लाभ फसवणुकीने घेणे हा गुन्हा आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि अशा खोट्या प्रमाणपत्राचा जाब पालकालाही द्यावा लागू शकतो.

आम्ही सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, बँकेला लेखी अर्ज देऊन त्याची पोच घेतली, आणि पोलिस ठाण्यातही जबाब दिला. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार असा अनधिकृत व्यवहार तीन कामकाजी दिवसांत कळवणे फार महत्त्वाचे आहे, कारण उशीर होईल तशी ग्राहकाची बाजू लंगडी पडते. त्याचबरोबर आधारचे बायोमेट्रिक लॉक करून ठेवले, म्हणजे अंगठ्याने व्यवहार होणार नाही. हे आधारच्या अधिकृत ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून विनाशुल्क करता येते आणि गरजेपुरते पुन्हा उघडता येते. आमचे पैसे अजून परत आलेले नाहीत, तपास चालू आहे. त्याच दिवशी वाडीतल्या आणखी काही घरांतून त्याने ठसे नेले आहेत, आणि त्यांपैकी काहींनी “उगाच बोभाटा नको” म्हणून अजून पासबुकसुद्धा भरून घेतलेले नाही. त्यांनी आणि शेजारच्या गावांतल्या पालकांनी ते उद्याच भरून घ्यावे आणि ‘एईपीएस’ची अनोळखी नोंद दिसली तर त्याच दिवशी बँकेत लेखी तक्रार द्यावी, तक्रारीचा नमुना लागल्यास आमच्याकडची प्रत मी देईन.